विश्लेषण : 10 सेकंदांची ओढ, वर्षभराचा खर्च! 'ट्रॅक्टर पुलिंग'मध्ये ताकद, पैसा आणि टिकाऊपणा यांचे गणित कसे जुळते?

अमेरिकेतील ओहायो राज्यात बोलिंग ग्रीन या शहरात 1967 पासून ट्रॅक्टर पुलिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरते. मातीचा सपाट ट्रॅक, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली वजनाची गाडी आणि ती 300 फूट ओढून नेण्याची ईर्षा, एवढाच हा खेळ. एक ओढ साधारण 10 सेकंदांत संपते. त्या 10 सेकंदांसाठी इंजिनावर वर्षभर काम आणि पैसा खर्च होतो. तरीही सर्वाधिक एचपीचा ट्रॅक्टर जिंकेलच याची खात्री नसते. असे का होते? खर्चाला लगाम घालण्यासाठी नियम कसे बनवले गेले? आणि पंजाबातील 'टोचन' स्पर्धांच्या निमित्ताने भारतातील शेतकऱ्याने यातून काय घ्यावे? याविषयी...

ट्रॅक्टर पुलिंगची सुरुवात कशी झाली?

अमेरिकेत आधी घोड्यांकडून वजन ओढून घेण्याच्या शर्यती होत. आपल्याकडे बैलजोडीच्या ताकदीवरून जशा पैजा लागत, तसाच तो प्रकार. 1929 मध्ये ओहायो आणि मिझुरी या राज्यांत यंत्रावर चालणाऱ्या वाहनांच्या पहिल्या स्पर्धा झाल्याची नोंद आहे. पुढे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होऊ लागले. म्हणून 1969 मध्ये आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन 'नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन' स्थापन केली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ नेदरलँड्समार्गे युरोपात पोहोचला. तिथे पूर्ण ओढ 100 मीटरची असते.

दिलेले अंतर पार केले की त्याला 'फुल पुल' म्हणतात. एकाहून अधिक ट्रॅक्टर फुल पुल करतात, तेव्हा मागच्या गाडीवरील वजन वाढवून त्यांच्यात दुसरी फेरी होते. म्हणजे पहिल्या फेरीत इंजिनाचा सगळा जीव काढून घेणाऱ्याला दुसऱ्या फेरीत उतरताच येत नाही. टिकाऊपणाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

मागच्या गाडीचे वजन आपोआप कसे वाढते?

सुरुवातीच्या काळात ट्रॅकच्या कडेला माणसे उभी असत आणि ओढली जाणारी पाटी समोरून जाताना एकेक जण तिच्यावर चढत असे. आता त्याऐवजी 'स्लेड' वापरतात. स्लेडच्या मागच्या बाजूला चाके असतात आणि पुढचा भाग म्हणजे जमिनीवर घासणारा लोखंडी तवा असतो. वजनाची पेटी आधी चाकांवर असते. ट्रॅक्टर पुढे निघाला की चाकांना गिअरने जोडलेली साखळी ती पेटी हळूहळू पुढे सरकवते. भार चाकांवरून तव्यावर येतो, घर्षण वाढते आणि गाडी जड जड होत जाते. शेवटी ट्रॅक्टर जागेवर थांबतो.

ओढण्यासाठी खरोखर एवढे एचपी लागतात का?

नुसते ओढायचे असेल तर नाही. एचपी म्हणजे ओढ आणि वेग यांचा गुणाकार. ताशी सात किलोमीटर वेगाने चालणारा 45 एचपीचा ट्रॅक्टर, चाक न घसरता आणि गिअरमधील घट सोडून, कागदावर सुमारे 1.7 टनांची ओढ देऊ शकतो. खालच्या गिअरमध्ये ही ओढ आणखी वाढते. प्रत्यक्षात मात्र इंजिन कमी पडण्याआधीच चाक जागेवर फिरू लागते. म्हणजे पहिली मर्यादा इंजिनाची नसून टायर आणि माती यांच्यातील पकडीची आहे.

मग हजारो एचपी कशासाठी? कारण स्लेड सुरुवातीला हलकी असते. तेवढ्या वेळात ट्रॅक्टरने वेग घेतला, तर तो वेग पुढच्या जड टप्प्यात कामी येतो. समजा ट्रॅक्टर ताशी 40 किलोमीटर वेगाने 3 टनांची ओढ देतो आहे. तेवढ्यासाठी जमिनीवर सुमारे 450 एचपी लागतात. त्यात चाके जमिनीच्या वेगापेक्षा दुप्पट वेगाने फिरत असतील, तर चाकांवर 900 एचपी हवेत. निम्मी ताकद माती उडवण्यातच जाते.

पुढची चाके उचलली जाणे चांगले की वाईट?

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर उचललेली अनेकांनी पाहिली असतील. ओढ हुकावर येते आणि हुक जमिनीपासून काही उंचीवर असतो. त्यामुळे पुढच्या चाकांवरील भार मागे जातो. हुक अर्धा मीटर उंच, दोन्ही ॲक्सलमधील अंतर अडीच मीटर आणि ओढ 3 टन असेल, तर सुमारे 600 किलो भार पुढून मागे सरकतो. मागच्या चाकांवर भार वाढला की पकडही वाढते.

पुलिंगमध्ये नेमका याचाच फायदा घेतला जातो. पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली किंवा किंचित उचललेली राहतील, अशा हिशेबाने वजने लावतात. चाके जास्त उचलली गेली तर स्टिअरिंग हातात राहत नाही. मातीचा ओलावा पाहून वजनाची जागा, टायरमधील हवा आणि गिअर ठरवले जातात. यातील बहुतेक गोष्टींना पैसा जवळपास लागत नाही, अनुभव लागतो. म्हणूनच 100 एचपी कमी असलेला ट्रॅक्टरही कधी कधी पुढे निघून जातो.

इंजिन फुटते का?

इंजिनातून जास्त ताकद काढायची तर त्यात जास्त हवा आणि जास्त इंधन कोंबावे लागते. कारच्या टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय हवा असते. वरच्या गटांतील पुलिंग इंजिनांत टर्बो 100 पीएसआयच्या पुढे दाब तयार करतात. हा दाब हेड गॅस्केट, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतींना सोसावा लागतो.

दुसरा मार्ग इंजिनाचे फेरे वाढवण्याचा. शेतीच्या ट्रॅक्टरचे इंजिन साधारण 2,000 ते 2,200 आरपीएमवर चालते. हाच आकडा दुप्पट केला तर पिस्टन खाली-वर होताना कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण चौपट होतो. म्हणून स्पर्धेच्या इंजिनात रॉड, पिस्टन, क्रँक, सगळेच बदलावे लागते. रॉड मजबूत केला की क्लच जळतो, क्लच वाढवला की गिअरबॉक्स बोलू लागतो आणि तोही सुधारला की ॲक्सल तुटतो. प्रत्येक दुरुस्ती पुढच्या कमकुवत कडीवर ताण ढकलते. शेवटचे 100 एचपी सर्वात महाग का पडतात, याचे उत्तर इथे आहे.

विमानाचे इंजिन, टर्बाइन की मिथेनॉल?

'मॉडिफाइड' गटात एकाच ट्रॅक्टरवर तीन, चार किंवा त्याहून अधिक इंजिने दिसतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोत अनेक इंजिनांची ताकद एकाच शाफ्टवर आणणारा गिअरबॉक्स तयार झाला आणि हे शक्य झाले. त्यानंतर तीन वाटा पुढे आल्या.

पहिली वाट दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांची. पी-40 सारख्या लढाऊ विमानांत वापरलेले 28 लिटरचे, 12 सिलिंडरचे 'ॲलिसन व्ही-1710' हे त्यातले प्रसिद्ध नाव. युद्धानंतर अशी इंजिने भंगारासारखी विकली जात होती. आकार मोठा असल्याने कमी आरपीएमवरही ताकद मिळे. मात्र त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले, त्यामुळे सुटे भाग दुर्मीळ होत गेले. स्वस्त इंजिन महाग होण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरी वाट हेलिकॉप्टरच्या टर्बाइनची. त्यात खाली-वर होणारे पिस्टन नाहीत, वजन कमी आणि ताकद भरपूर. जपून वापरले तर ते दीर्घकाळ टिकते. पण ॲक्सिलरेटरला ते उशिरा प्रतिसाद देते. 10 सेकंदांच्या खेळात अर्धा सेकंदही मोठा असतो.

तिसरी वाट सुपरचार्जर लावलेल्या व्ही-8 इंजिनांची. ती मिथेनॉलवर चालतात. मिथेनॉलचे बाष्प होताना ते आतली हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त थंड करते. त्यामुळे दाब वाढवता येतो. मात्र एका किलोत ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी, म्हणून इंधन दुपटीहून अधिक लागते. शिवाय दिवसाउजेडी मिथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसत नाही. आग लागली तरी ती लक्षात यायला उशीर होतो.

तिन्ही वाटांत ताकद, कमी खर्च आणि टिकाऊपणा एकाच वेळी मिळत नाहीत. कोणते दोन घ्यायचे, हे संघाला ठरवावे लागते.

खर्चाला लगाम कसा घातला?

बक्षिसाच्या रकमेतून इंजिनाचा खर्च क्वचितच निघतो. ज्याच्याकडे जास्त पैसा तोच जिंकू लागला, तर गावातील शेतकरी खेळ सोडून देईल, ही आयोजकांची भीती. त्यावर उपाय म्हणून गट पाडले गेले. प्रत्येक गटात ट्रॅक्टरच्या एकूण वजनाबरोबर आणखी एखादी गोष्ट घट्ट बांधलेली असते.

'प्रो स्टॉक' गटात डिझेल इंजिन, एकच टर्बो आणि 680 घन इंच, म्हणजे सुमारे 11.1 लिटरची मर्यादा असते. 'सुपर फार्म' गटात टर्बोच्या तोंडाचा व्यास 3 इंचांपर्यंत ठेवला आहे. हा नियम साधा दिसतो, पण परिणामकारक आहे. इंजिनात किती हवा जाईल हे त्या तोंडावर ठरते आणि हवेपेक्षा जास्त डिझेल सोडले तर फक्त काळा धूर निघतो. तोंड 3 ऐवजी 4 इंच केले असते, तर क्षेत्रफळ 78 टक्क्यांनी वाढले असते. तपासणीही सोपी असते.

सर्वात स्वस्त गट 'फार्म स्टॉक'चा. शेतात चालणारा ट्रॅक्टर जवळजवळ तसाच आणायचा. अनेक ठिकाणी आरपीएम किंवा वेगावर मर्यादा असते. वेग बांधला की एचपी वाढवण्यात अर्थ उरत नाही आणि वजन कुठे लावायचे याला महत्त्व येते.

सुरक्षेचे नियम कोणते?

वरच्या गटांत मागे व्हिली बार सक्तीचे असतात. ट्रॅक्टर मागे उलटू लागला की ते आधी जमिनीला टेकतात. स्लेडपासून एक तार ट्रॅक्टरच्या किल स्विचला जोडलेली असते. साखळी तुटली किंवा ट्रॅक्टर सुटला, तर तार ओढली जाऊन इंजिन बंद पडते. क्लचभोवती पोलादी कवच असते, टर्बोचे तुकडे उडू नयेत म्हणून धुराच्या नळीत आडवे-उभे बोल्ट असतात आणि चालकाला आगरोधक कपडे घालावे लागतात. हा खर्च एचपी वाढवत नाही, तरी तो टाळता येत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

पंजाबात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडतात आणि कोण कोणाला ओढतो ते पाहतात. याला 'टोचन' म्हणतात. मराठीतही बंद पडलेली गाडी ओढून नेण्याला हाच शब्द आहे. यात स्लेड नसते. दोन्ही बाजूंनी ओढ अचानक वाढते, पुढची चाके उचलली जातात आणि व्हिली बार नसेल तर ट्रॅक्टर एक-दीड सेकंदात मागे उलटू शकतो. चालकाला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. हुक जितका उंच, तितका हा धोका मोठा.

ऑक्टोबर 2023 मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरवरील कसरती दाखवताना एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर पंजाब सरकारने ट्रॅक्टर आणि शेती अवजारांच्या धोकादायक कसरतींवर बंदी घातली. महाराष्ट्रातील जत्रांत ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा होतात. त्यात चालकाचा हात पाहिला जातो, इंजिनात काही बदलावे लागत नाही.

शेतातल्याच ट्रॅक्टरची ताकद वाढवली तर?

व्हिडिओ पाहून डिझेल पंपाची सेटिंग वाढवून घेणारे किंवा टर्बो बसवणारे आपल्याकडेही आहेत. इथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. पुलिंगचे इंजिन 10 सेकंद तापते. तेवढ्या वेळात लोखंड उष्णता शोषून घेते आणि ओढ संपते. अनेक मिथेनॉल इंजिनांवर तर रेडिएटरही नसतो. नांगरणीत किंवा रोटाव्हेटरवर मात्र इंजिन तासन्‌तास भाराखाली असते. जास्तीचे डिझेल तिथे धुराचे तापमान वाढवत राहते, न जळलेले डिझेल सिलिंडरवरचे ऑइल धुऊन काढते आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांचे आयुष्य घटते. मूळ रेडिएटर, क्लच आणि ब्रेक तर वाढलेल्या ताकदीसाठी बनलेलेच नसतात.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. असा बदल केला तर वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. अमेरिकेतील वरच्या गटांत स्पर्धेचा ट्रॅक्टर आणि शेतीचा ट्रॅक्टर वेगळे असतात. स्पर्धेतील इंजिन फुटले तर हंगामाचे गुण जातात. ज्याच्याकडे एकच ट्रॅक्टर आहे आणि त्यावर बँकेचा हप्ता चालू आहे, त्याचे इंजिन पेरणीच्या आठवड्यात बसले तर भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि त्या आठवड्यात तो सहसा मोकळा नसतो.