आभाळासकट घर

आमच्या भिवंडीतल्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट चोवीस तास चाले. खोल्या दहा बाय दहाच्या. रात्रपाळी संपवून आलेला माणूस दिवसा आत झोपे, म्हणून उरलेला संसार ओट्यावर येई. तांदूळ निवडणं, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचा चहा, सगळं तिथंच. जागा पुरत नाही म्हणून आपण बाहेर बसतो, असंच मला लहानपणी वाटायचं आणि त्याची थोडी लाजही वाटायची. ती लाज बेलापूरला गेली.

भिवंडीहून कल्याण-शीळ रस्त्यानं निघालं की ट्रक आणि गोदामं संपता संपत नाहीत. बेलापूरला रिक्षावाल्याला 'आर्टिस्ट व्हिलेज' एवढं सांगितलं की तो सरळ सेक्टर आठमध्ये आणून सोडतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी उभी केलेली ही वसाहत. मुंबईची कोंडी फोडायला खाडीपलीकडे नवं शहर वसवा, अशी योजना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली होती. १९७० साली त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि कोरिया त्याचे मुख्य वास्तुविशारद झाले. मोठ्या शहराची स्वप्नं पाहणाऱ्या या माणसानं पुढं तिथंच अगदी लहान घराचा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मूळ रूपात टिकलेली घरं आता शोधावी लागतात. एका घरातल्या मावशींनी "या, आत या" म्हटलं आणि मी फाटक ओलांडलं. पण आत म्हणजे कुठं? डोक्यावर आभाळच होतं. समोर तुळस, बाजूला धुणं वाळत घातलेलं, भिंतीशी एक पेरूचं झाड. पुढं दोन पायऱ्या आणि मग खोली. वर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, विटांच्या भिंतींवर साधा गिलावा. गवंडी-सुतारांना सहज जमेल असंच बांधकाम. खोलीत बसलं तरी नजर उंबऱ्यावरून अंगणात जाते, आणि अंगणात बसलं तर भिंतींमुळे घरातच असल्यासारखं वाटतं. मावशी बोलता बोलता शेंगा सोलायला बाहेर सरकल्या, मीही सरकलो. आपण खोली बदलली हे दोघांनाही जाणवलं नाही.

कोरियांचा विचार असा, की आपल्या हवेत वर्षातले बरेच महिने माणूस उघड्यावर स्वयंपाक करू शकतो, झोपू शकतो, चार माणसं बसवू शकतो. तेव्हा उघडी जागाही घराचा वापरता येणारा भागच धरली पाहिजे. थंड देशांत भिंत आणि छत नसेल तर घर नाही. आपल्याकडे सकाळी अंगण, दुपारी माजघर, रात्री गच्ची असं घर दिवसभर फिरत असतं. 'आभाळाला उघडी जागा' हे सूत्र त्यांनी जन्मभर धरून ठेवलं. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय १९६३ चं, तिथंही तेच. मुंबईतल्या कांचनजंगा या २८ मजली इमारतीत, श्रीमंतांसाठी, त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरल्या. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर घराभोवती व्हरांडा फिरवला होता. कांचनजंगात तोच व्हरांडा आभाळात चढला. तरीही मला बेलापूरचं काम मोठं वाटतं, कारण इथं ते आभाळ कारकुनाच्या आणि कामगाराच्याही वाट्याला आलं.

भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. उत्पन्नात कितीही फरक असो, जमिनीत फार फरक नको, हा त्यामागचा आग्रह. सात घरांच्या मधे आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक. अशा तीन गटांची मिळून २१ घरं, त्यांच्या मधे १२ मीटरचा मोठा चौक. असे तीन पुन्हा एकत्र आले की २० मीटरचा. म्हणजे स्वतःचं अंगण ओलांडलं की माणूस एकदम परक्या रस्त्यावर येत नाही. आधी सात घरांत, मग एकवीस घरांत, असं हळूहळू बाहेर जातो. तो लहान चौक मी पावलांनी मोजला. दोन मुली तिथं लंगडी खेळत होत्या आणि एक आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचत होते. एवढ्या जागेत कुणाच्याही दारातून हाक मारली तर सातही घरांना ऐकू जाते.

प्रत्येक घर स्वतंत्र, शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. कुटुंब वाढलं, पैसा आला, की आपलं घर आपणच वाढवावं, ही मुभा कोरियांनी मुद्दाम ठेवली होती. लोकांनी ती घेतली. आज कितीतरी भूखंडांवर कौलं उतरून काँक्रीटचे तीन-तीन मजले उभे आहेत, आणि पुष्कळ घरांत त्यासाठी अंगणच खोलीत गेलं आहे. मुलाचं लग्न झालं, खोली हवी होती, हे कारण मला भिवंडीचा म्हणून पूर्ण पटतं. त्या माणसाला दोष देववत नाही. पण शेजारच्या तीन मजली भिंतीमुळे मावशींच्या अंगणातलं ऊन दुपारीच निघून जातं, हे बघून जीव हळहळतो. निदान मधले चौक तरी कुणी हात न लावता राखावेत असं मनापासून वाटतं. ते कुणा एकाचे नाहीत, म्हणून तर ते अजून शिल्लक आहेत.

निघताना मी विचारलं, "मावशी, पावसात हे अंगण अडचणीचं होत नाही?"

"होतं की," त्या म्हणाल्या. "चार महिने कपडे वाळत नाहीत, शेवाळ धरतं. पण पहिला पाऊस पडतो ना, तेव्हा मी आतली सगळी तांब्याची भांडी बाहेर मांडते."