उंच केलेली गाडी महामार्गावर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लांब स्प्रिंग किंवा स्पेसर घालून आणि मोठे टायर चढवून उंच केलेली फोर-बाय-फोर गाडी खडकातून आणि ओढ्यातून सहज जाते. तीच गाडी महामार्गावर ताशी 80-90 किलोमीटरला मात्र रस्ता धरत नाही. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, शेजारून ट्रक गेला की गाडी लेनमधून सरकते, वळणावर कलते. याचा दोष बहुधा उंचीवर टाकला जातो. प्रत्यक्षात उंचीमुळे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या भागांचे कोन बदलतात, आणि त्यातले बरेचसे पूर्ववत करता येतात. पुढचे विवेचन मुख्यतः मारुती जिम्नीसारख्या, पुढे-मागे सलग ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांविषयी आहे.

गैरसमज: व्हील अलाइनमेंट करून घेतले की गाडी सरळ धावते.

वस्तुस्थिती: सलग ॲक्सलच्या गाडीत अलाइनमेंटच्या मशीनवर फक्त टो, म्हणजे चाके पुढच्या बाजूने आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, जुळवता येतो. महामार्गावरचा सरळपणा मात्र मुख्यतः कॅस्टरवर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाच्या मागे कललेपणावर, अवलंबून असतो. सायकलचा पुढचा फोर्क तिरपा असतो तसाच हा कोन. जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मना घट्ट जोडलेला असतो. गाडी उंच झाली की आर्म खाली झुकतात आणि ॲक्सलही त्यांच्याबरोबर फिरतो. आर्म 700 मिलिमीटरचा धरला, तर 50 मिलिमीटरच्या लिफ्टने कॅस्टर सुमारे 4 अंशांनी कमी होतो. मूळ कोनच थोड्या अंशांचा असल्याने मागे फारसे काही उरत नाही. तो कोन परत मिळवण्यासाठी ऑफसेट बुश, आर्मची जोडणी खाली आणणारे ब्रॅकेट किंवा कोन सुधारलेले नवे आर्म लागतात. अलाइनमेंटच्या छापील अहवालात कॅस्टरचा आकडा लाल दिसत असेल, तर ‘टो सेट केला’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

गैरसमज: स्टिअरिंग थडथडत असेल तर नवा स्टिअरिंग डॅम्पर हा उपाय आहे.

वस्तुस्थिती: एखादा खड्डा किंवा पुलावरचा सांधा लागताच पुढची चाके जोराने डावी-उजवी फडफडू लागतात, मेकॅनिक याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. डॅम्पर ते दाबून ठेवतो, बरे करत नाही. मूळ कारण बहुधा ॲक्सलला आडवे धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे सैल बोल्ट किंवा झिजलेले बुश, टाय रॉडच्या टोकांची ढील, किंगपिनचे खराब बेअरिंग किंवा बॅलन्स बिघडलेला टायर यांत असते. तपासणी सोपी आहे. गाडी जमिनीवर उभी ठेवून, हँडब्रेक लावून आणि इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने बाजूने वाकून रॉडच्या टोकांकडे पाहावे. रॉड हलण्याआधी बोल्ट किंवा बुश हलत असेल, तर दोष तिथेच आहे. चालत्या गाडीत वॉबलिंग सुरू झालेच, तर स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि वेग उतरवत गाडी कडेला घ्यावी.

गैरसमज: पॅनहार्ड रॉडचा कोन बदलल्याने फारसे बिघडत नाही.

वस्तुस्थिती: हा रॉड ॲक्सलला आडवे सरकू देत नाही. गाडी उंच झाली की तो तिरपा होतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी जुळवता येणारा रॉड बसवून ॲक्सल मध्यावर आणता येतो. खरी अडचण कोनाची आहे. पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक समांतर असतील, तरच चाक वर-खाली होताना स्टिअरिंग स्थिर राहते. दोहोंपैकी एकाचीच जोडणी खाली घेतली, तर प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपणहून वळू पाहते.

गैरसमज: टायर जितका मोठा, तितकी पकड चांगली.

वस्तुस्थिती: जड टायर खड्ड्यावर जास्त उसळतो आणि ब्रेकवर जास्त भार टाकतो. मोठ्या गुटक्यांच्या मड टायरची ओल्या डांबरावरची पकड साधारणपणे रस्त्याच्या टायरपेक्षा कमी असते. जिम्नीच्या मूळ 195/80 आर15 टायरचा व्यास 693 मिलिमीटर, तर 235/75 आर15 चा सुमारे 733. म्हणजे स्पीडोमीटर पूर्वीइतकाच आकडा दाखवत असला, तरी गाडी जवळजवळ 6 टक्के अधिक वेगाने धावत असते. टायरमधल्या हवेकडेही लक्ष हवे. वाळूत 15-18 पीएसआयवर आणलेले टायर महामार्गावर येण्यापूर्वी पुन्हा भरावेच लागतात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायच्या हवेचा नव्हे.

गैरसमज: कडक स्प्रिंग म्हणजे स्थिर गाडी.

वस्तुस्थिती: स्प्रिंग वजन पेलते, उसळी शॉक ॲब्सॉर्बर आवरतो. स्प्रिंग बदलून जुनेच शॉक ठेवले, तर गाडी उंचवट्यानंतर डोलत राहते. वळणावरचा कल मुख्यतः अँटी-रोल बार रोखतो. चाकांना जास्त खेळ मिळावा म्हणून काहीजण तो काढून टाकतात. महामार्गावर ते धोक्याचे आहे. उंच गाडीत तो लांब लिंक लावून पुन्हा योग्य कोनात आणावा. ऑफ-रोडसाठी सोडवून परत जोडता येणाऱ्या लिंकही मिळतात.

गैरसमज: महामार्गावर फोर-एच (चारही चाकांना शक्ती) लावले की गाडी घट्ट राहते.

वस्तुस्थिती: जिप्सी, जिम्नी, थार यांच्या पार्ट-टाइम प्रणालीत मधला डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर फोर-एच लावल्यास पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावायला जागा राहत नाही. स्टिअरिंग जड होते आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. कोरड्या रस्त्यावर टू-एचच (फक्त दोन चाकांना शक्ती) योग्य.

गैरसमज: सगळे भाग नीट बसवले की गाडी पूर्वीइतकीच सुरक्षित होते.

वस्तुस्थिती: कोन सुधारतात, गुरुत्वमध्य खाली येत नाही. गाडी उलटण्याचा धोका ढोबळपणे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट यांच्या गुणोत्तरावरून कळतो. अंतर 1,400 आणि उंची 700 मिलिमीटर धरली तर हे गुणोत्तर 1 येते. उंची 750 झाली की 0.93. टपावरच्या कॅरियरचा परिणामही कमी नाही. अशाच 1,200 किलोच्या गाडीवर 1.9 मीटर उंचीला 60 किलो सामान ठेवले, तर गुरुत्वमध्य सुमारे 57 मिलिमीटर वर जातो, म्हणजे दोन इंची लिफ्टइतका. घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी ही प्रणालीही मूळ उंचीची गाडी धरून जुळवलेली असते. म्हणून जड सामान आत, खाली ठेवावे आणि वळणावरचा वेग उतरवावा.

गैरसमज: आपल्या गाडीत हवा तो बदल करायला आपण मोकळे आहोत.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा फेरफारांवर बंधने घालते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाह्य प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. त्यामुळे लिफ्ट किट विकत घेण्यापूर्वीच आरटीओकडे चौकशी करावी.