कारखान्यातील दूध

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवरील तापल्या पोलादावर दुधासारखी धार पडत असते. कामगार तीस ‘कूलंट’ म्हणतात. साधारणतः २० भाग पाण्यात १ भाग तेल. पाणी उष्णता हरण करते, तेल घर्षण कमी करते, आणि साबणासारखे द्रव्य तेलाच्या कणांस एकत्र मिळू देत नाही. स्टोक्सच्या १८५१ च्या नियमाप्रमाणे कणाचा व्यास निम्मा केला की तो चौथाई वेगानेच वर येतो. म्हणून कण बारीक हवेत. तेल पाण्यात ओतावे, पाणी तेलात नव्हे. नाहीतर दुधाऐवजी लोणीच व्हावयाचे! आम्हांस चिंता वाटते ती नासलेल्या मिश्रणाची. त्याने कामगारांचे हात खाजतात, आणि ते गटारात सोडल्यास तेल खाडीस मिळते. वस्तुतः तुरटीने ते फोडून तेल वेगळे काढता येते.