तोतया ओळखणारा प्रकाश

भारतात निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीस दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला सादर करावा लागतो. २०१४ साली हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या नावाने संगणकाद्वारे देण्याची सोय झाली. त्यासाठी बोटांचे ठसे अथवा डोळ्यांतील बुबुळे तपासली जात. परंतु वार्धक्यात बोटांवरील रेषा झिजतात, आणि ठसे घेणारे उपकरण प्रत्येक घरी असत नाही. म्हणून २०२१ साली केंद्र सरकारने चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचा मार्गही खुला केला. त्यास मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

सोय मोठी, पण तिच्यामागोमाग एक अवघड प्रश्न येतो. कॅमेऱ्यासमोर माणसाऐवजी कोणी त्याचे छायाचित्र धरले तर? चेहरा ओळखणारे यंत्र डोळे, नाक, हनुवटी यांची ठेवण मोजते व पूर्वी नोंदविलेल्या मोजमापांशी ताडून पाहते. चांगल्या छायाचित्रातही ती ठेवण उतरलेली असते. २००९ साली व्हिएतनाममधील संशोधकांनी त्या काळचे काही लॅपटॉप संगणक केवळ छायाचित्रे दाखवून उघडून दाखविले. तेव्हा यंत्राने एक नव्हे, दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा चेहरा कोणाचा? आणि हा चेहरा या क्षणी खरोखर समोर आहे काय?

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रथम सुचलेला उपाय म्हणजे पापण्या लवविण्यास किंवा मान वळविण्यास सांगणे. छायाचित्र यात नापास होते. पण चलच्चित्रात पापण्याही लवतात आणि मानही वळते. म्हणून तोतयाला आधीपासून तयार ठेवता येणार नाही अशी खूण हवी होती. ती मोबाइलच्या पडद्यातच सापडली.

प्रकाशाची परवल

पडदा हा एक लहानसा दिवाच आहे. तो तांबडा झाला की समोरच्या चेहऱ्यावर तांबूस छटा पडते. निळा झाला की निळसर. यंत्र स्वैरपणे निवडलेल्या क्रमाने काही रंग पडद्यावर झळकविते, आणि त्याच वेळी कॅमेरा चेहऱ्यावरून परतणारा प्रकाश टिपतो. पाठविलेला क्रम आणि परतलेला क्रम जुळला, तर चेहरा त्या क्षणी समोर आहे याला आधार मिळतो. किल्ल्याचा पहारेकरी रोज नवा परवलीचा शब्द विचारतो, त्यातलाच हा प्रकार. काल चित्रित केलेल्या चेहऱ्याला आजची परवल ठाऊक नसते.

केवळ रंग जुळणे मात्र पुरेसे नाही, कारण कागदावरील चित्रही तांबड्या उजेडात तांबडे दिसते. येथे चेहऱ्याचा आकार उपयोगी पडतो. पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरपा पडेल तितकी त्याची उजळणी कमी होते. हा नियम योहान लॅम्बर्ट यांनी १७६० साली ग्रंथबद्ध केला. नाकाचा शेंडा, कपाळ आणि गालाच्या कडा वेगवेगळ्या कोनांत असल्यामुळे त्या कमीअधिक उजळतात. सपाट कागद बहुतेक सारखाच उजळतो.

याचा पडताळा विद्यार्थ्यांना सहज घेता येईल. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा पडदा संपूर्ण तांबडा करून तो मित्राच्या गालाशेजारी वीतभर अंतरावर धरावा. नाकाची एक बाजू उजळते व दुसरी काळोखात राहते. पडदा दुसऱ्या गालाकडे नेला की छायाही बाजू बदलते. हाच प्रयोग छायाचित्रावर केल्यास छापलेली छाया जागची हालत नाही.

वेळेची कसोटी

२०१८ साली हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह या तत्त्वावर एक पद्धती मांडली. तिच्यात आकाराबरोबर वेळही तपासली जाते. प्रकाश एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे चेहऱ्यावरून तो जवळजवळ तत्क्षणी परत येतो. तोतयाला मात्र आधी रंग पाहावा लागतो, मग त्याप्रमाणे बनावट चित्र रंगवावे लागते. संगणक कितीही वेगवान असला तरी यात काही काळ जातो, आणि तो विलंबच त्याचे बिंग फोडू शकतो.

दूरस्थ संभाषणातही हे तत्त्व लागू पडते. आज संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचा चेहरा धारण करून बोलता येते. पडद्याचा रंग बदलत ठेवून समोरच्याच्या चेहऱ्यावर तो बदल उमटतो की नाही हे पाहण्याची रीत कॅन्डिस गर्स्टनर व हनी फरीद यांनी २०२२ साली मांडली.

मर्यादा

भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. हातभर अंतरावरील मोबाइलचा प्रकाश चेहऱ्यावर जेमतेम काही दशक लक्स पडतो. उन्हात ही परवल ऐकूच येत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश सुमारे एक चतुर्थांश होतो. चेहऱ्याच्या ठेवणीचा मुखवटा प्रकाशाला खऱ्या चेहऱ्यासारखाच परतवू शकतो. तेथे अन्य परीक्षांची जोड लागते.

याहून गंभीर बाब न्यायाची आहे. सावळी त्वचा कमी प्रकाश परतविते. यंत्राची पारख केवळ गोऱ्या चेहऱ्यांवर झाली, तर सावळ्या माणसाचा क्षीण परतावा ते तोतयाचा समजण्याचा धोका असतो. भारतासारख्या देशात अशा यंत्राची परीक्षा सर्व वर्णांच्या, सर्व वयांच्या चेहऱ्यांवर आणि झोपडीतल्या मंद उजेडापासून अंगणातल्या उन्हापर्यंत झाली पाहिजे.

अशा यंत्राच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. तोतयाला आत घेतले तर पैसा चोरीस जातो. जिवंत माणसाला नाकारले तर त्याच्या घरची चूल थंडावते. पहिली चूक टाळण्यासाठी कसोटी कडक करावी, तर दुसरी वाढते. म्हणून प्रकाशाची ही परीक्षा कितीही सूक्ष्म झाली, तरी नाकारल्या गेलेल्या वृद्धासाठी माणसाने माणसाला पाहून खात्री करण्याची वाट खुली ठेवणे आवश्यक आहे.