भाकरीचं कौतुक आणि ज्वारीची खरी अडचण

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं. तेव्हापासून ज्वारीचं कौतुक थांबलेलं नाही. शहरात ज्वारीचा पिझ्झा निघाला, ज्वारीची नूडल्स निघाली, लग्नाच्या पंगतीत भाकरी-ठेच्याचा वेगळा काउंटर लागू लागला. आणि परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्याच्या शिवारात? पावसाळ्यात जिकडेतिकडे सोयाबीन आणि कापूस, गोदाकाठाला ऊस, रब्बीत हरभरा. ज्वारी आहे, पण बऱ्याच ठिकाणी घरच्या खाण्यापुरती आणि बैल-म्हशीच्या वैरणीपुरती.

देशात सर्वांत जास्त ज्वारी पिकवणारं राज्य आजही महाराष्ट्रच आहे. पण १९६०-६१ साली राज्यात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांच्या वर जमीन होती; आता ती वीस लाखांच्याही खाली उतरली आहे. एवढी मोठी घसरण होत असताना ज्वारीबद्दल बोललं खूप गेलं, आणि त्यात बरंच चुकीचं बोललं गेलं. काही समज जुन्या हेटाळणीतून आलेले आहेत, काही आजच्या कौतुकातून. मला कौतुकाच्या समजांची काळजी अधिक वाटते, कारण ते खोडून काढायला कुणी धजत नाही.

‘ज्वारी म्हणजे गरिबाचं खाणं’

हा समज सर्वांत जुना, आणि त्याला कारणही आहे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळाली. ती ज्वारीचीच एक जात, पण तिथे मुख्यतः जनावरांसाठी पिकवलेली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि घरी मिलोची भाकरी थापायची, हे ज्या पिढीने केलं तिच्या तोंडातून ती चव गेली नाही. पुढे हातात चार पैसे आले तेव्हा त्या घरांनी गव्हाची पोळी रोजची केली. पोळी ही सुस्थितीची खूण झाली, भाकरी मागे पडली. ज्या ज्वारीने नाव घालवलं ती आपल्या काळ्या रानातली टाळकी ज्वारी नव्हतीच.

अलीकडचे आकडे पाहा. २०२५-२६ हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता आणि संकरित ज्वारीचा ३,६९९. त्याच वर्षी खरेदी झालेल्या गव्हाचा हमीभाव होता २,४२५. दुकानातही चांगली रब्बी ज्वारी बहुतेक वेळा साध्या गव्हापेक्षा महाग असते. ज्याच्याकडे शेत नाही आणि ज्याला रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो, त्याला आज भाकरी परवडत नाही. गरिबाचं म्हणून हिणवलेलं धान्य गरिबाच्याच ताटातून गेलं, आणि या गोष्टीची बातमी फारशी कुठे होत नाही.

‘भाकरी खाल्ली की शुगर वाढत नाही’

हा समज आता घराघरांत आहे. मधुमेह निघाला की पहिला सल्ला मिळतो, गहू बंद करा, ज्वारी सुरू करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांचे पोषण-तक्ते प्रसिद्ध केले, त्यात काय आहे ते बघू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम तंतू. गव्हाच्या आट्यात सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं आणि ११ ग्रॅम तंतू. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखी, दहा ग्रॅमच्या आसपास. लोहसुद्धा दोन्हींत चार मिलिग्रॅमच्या घरात. ज्वारीपुढे खरा फिका पडतो तो पांढरा तांदूळ: तंतू तीन ग्रॅमहून कमी, लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी.

म्हणजे भात कमी करून भाकरी वाढवली तर फायदा आहे. पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या दोन पोळ्यांऐवजी चार भाकरी खाल्ल्या आणि औषधाची गोळी बंद केली, तर साखर वाढणारच. भाकरीने पोट लवकर भरतं, पुन्हा भूक उशिरा लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. तो खोटा नाही. पण पीठ ते पीठच. त्याचं प्रमाण ठरवायला डॉक्टरांना विचारावं लागतं.

ग्लूटेनचंही असंच झालं आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही हे खरं, आणि सिलिअ‍ॅक हा आजार असणाऱ्याला ती वरदान आहे. ज्याला तो आजार नाही त्याने ग्लूटेनला घाबरायचं काही कारण नाही. ग्लूटेन नसण्याचा परिणाम खरा दिसतो तो काठवटीत. गव्हाची कणीक ताणली जाते, ज्वारीचं पीठ ताणलं जात नाही. म्हणून आधणाचं पाणी घालून पीठ मळतात. गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो आणि पीठ धरून राहतं. दळण महिनाभर डब्यात पडलं की पिठाची विरी जाते, कडा फाटतात, चवीला कडूपणा येतो, कारण पिठातला स्निग्धांश हवेने खवट होतो. भाकरी फाटली की ‘ज्वारीत भेसळ असेल’ म्हणतात. बहुतेक वेळा पीठ फक्त जुनं असतं. आठवड्याचं दळण आठवड्यात संपवणाऱ्या बाया हे कुठलंही शास्त्र न वाचता जाणतात.

लोहाबद्दल एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर काम करून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा वाण दिला. निवड करताना त्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे: लोह किलोला चाळीस मिलिग्रॅमच्या वर, जस्त तीसच्या वर. रक्तक्षयाने बेजार असलेल्या पोरीबाळींच्या जिल्ह्यात हे बियाणं किती शेतांत पोचलं, हा प्रश्न ‘सुपरफूड’च्या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाचा आहे.

‘मिलेट लिहिलेलं बिस्कीट पौष्टिकच असणार’

पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि ज्या घटकाच्या नावावर माल विकला जातो त्याचं प्रमाणही टक्क्यांत द्यावं लागतं. यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल असेल, तर ज्वारी नावापुरती आहे. जीएसटी परिषदेने ऑक्टोबर २०२३मध्ये भरडधान्याच्या पिठाच्या तयार मिश्रणांवरचा कर कमी केला: सुटं असेल तर शून्य, पाकीटबंद असेल तर पाच टक्के. पण त्यासाठी त्यात किमान ७० टक्के भरडधान्य असावं अशी अट घातली. शासनाने लावलेली ही ७० टक्क्यांची फूटपट्टी घरातही वापरायला हरकत नाही.

‘हायब्रीड म्हणजे निकस’

१९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खेड्यात खरिपाच्या ज्वारीचं नावच हायब्रीड पडलं. तिची बदनामी झाली ती मुख्यतः पावसाने. कणसात दाणा भरत असताना सप्टेंबर-ऑक्टोबरात झड लागली की बुरशी येते, दाणा काळा पडतो, पीठ कडवट लागतं. दोष संकराचा नाही, वेळेचा आहे. बुरशीला तोंड देणारी ‘परभणी श्वेता’ विद्यापीठाने त्यासाठीच काढली. उलट जिला आपण अस्सल गावरान म्हणतो ती मालदांडी, म्हणजे एम ३५-१, हीसुद्धा संशोधनातूनच आली आहे. १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक ज्वारीतून ती निवडली गेली.

पण काळ्या पडलेल्या त्या खरिपाच्या ज्वारीचं काय करायचं, याचं महाराष्ट्राने शोधलेलं एक उत्तर विसरू नये. २००७ साली धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण राज्याने आणलं. शेतकऱ्याच्या खराब ज्वारीला भाव मिळेल, असं त्याचं समर्थन झालं. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कडाडून विरोध केला आणि अनुदान पुढे बंद पडलं. ज्या भागात कुपोषण आहे तिथे धान्याची दारू करायला सरकारी पैसा द्यायचा, हे मला तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं आणि आजही नाही.

‘हमीभाव वाढला, आता शेतकरी ज्वारीकडे वळेल’

खरा गुंता इथे आहे. हमीभाव वाढला हे खरं: २०१७-१८ साली संकरित ज्वारीला १,७०० रुपये होता, तो आठ वर्षांत दुपटीच्या पुढे गेला. तरी क्षेत्र वाढलं नाही. कारण हमीभाव जाहीर होणं आणि त्या भावाने माल घेतला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकार बावीस पिकांचे हमीभाव जाहीर करतं, पण त्या भावाने माल घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. खरेदी केंद्र उघडलं, ऑनलाइन नोंदणी झाली, उद्दिष्ट शिल्लक असलं आणि माल प्रतीत बसला, तर खरेदी. रब्बीची टपोरी ज्वारी बऱ्याचदा बाजारातच हमीभावाच्या वर जाते, तिला केंद्राची गरज नसते. जिला गरज असते ती पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी, आणि नेमकी तीच प्रतीच्या निकषात अडकते.

भाव मिळाला तरी काढणीचं काय? सोयाबीनचं पाहा: कापणी उक्ती दिली, मळणीयंत्र रानात आलं, संध्याकाळी पोती घरात किंवा थेट मोंढ्यात. ज्वारीचं असं होत नाही. आधी हुरड्यापासून पाखरं राखायची. रात्री रानडुकरं. मग मार्चच्या उन्हात ताटं उपटायची किंवा कापायची, धाटाच्या पानांनी हात चिरतात. पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, ती खळ्यावर आणायची, मग मळणी, मग कडब्याची गंज. यातलं कणसं मोडण्याचं काम जवळजवळ सगळं बायांचं. या कामाला माणूस मिळत नाही, आणि सोनपेठ-गंगाखेड-परळीच्या पट्ट्यात त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: ऐन ज्वारीच्या दिवसांत कित्येक जोडपी ऊसतोडीला गेलेली असतात. हार्वेस्टर घातला तर कडब्याचा भुगा होतो. आणि कोरडवाहू रब्बी ज्वारीचा अर्धा हिशेब कडब्यावरच चालतो. चार-पाच क्विंटलांच्या एकरी उताऱ्यात धान्याने खर्च भागवायचा आणि वैरणीने वर्ष काढायचं. घरातली जनावरं कमी झाली तसा तो अर्धा हिशेबही गेला.

ज्वारी परत यायला हवी असेल तर कडबा शाबूत ठेवून काढणी करणारं, लहान शेताला परवडणारं यंत्र हवं. पाककृतींच्या स्पर्धांवर आणि फलकांवर झालेला खर्च तिकडे वळला असता तर आज चित्र वेगळं दिसलं असतं.

‘रेशनवर ज्वारी मिळूच शकत नाही’

मिळू शकते. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तीन दर लिहिलेले आहेत: तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत झालं, पण यादीतून भरडधान्य काढलेलं नाही. हमीभावाने घेतलेली ज्वारी महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत गव्हाच्या जागी वाटलीही गेली आहे. शेजारच्या कर्नाटकात उत्तरेकडे ज्वारी आणि दक्षिणेकडे नाचणी रेशनवर देण्याचा प्रयोग झालेला आहे. आपल्याच राज्यात एके काळी ज्वारीची लेव्ही होती. शासन शेतकऱ्याकडून सक्तीने ज्वारी घेई आणि रेशन दुकानातून विकत असे. तेव्हा गोदामं होती, वाहतूक होती. आज नाही असं म्हणायला जागा नाही.

दुसरी बाजू केशरी कार्डाची. मराठवाडा आणि अमरावती विभागातले सगळे जिल्हे आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५पासून स्वस्त धान्य मिळत होतं. ते बंद झालं आणि २०२३पासून त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यात देण्याचं ठरलं, पुढे ते १७० झाले. १७० रुपयांत २०२५-२६च्या हमीभावाच्या दराने मालदांडी साडेचार किलो येते; दुकानाच्या दराने त्याहून कमी. ज्याने ज्वारी पिकवावी अशी अपेक्षा आहे, त्याच शेतकऱ्याच्या घरात महिन्याकाठी माणशी एवढी ज्वारी.

म्हणून मागणी सरळ आहे. खरिपाची ज्वारी पावसात सापडेल त्या वर्षी प्रतीची अट वेळेत शिथिल व्हावी, ती तालुक्यातच खरेदी व्हावी आणि त्याच तालुक्याच्या रेशन दुकानांत, खराब होण्याआधी, गव्हाच्या काही हिश्शाऐवजी वाटली जावी. सोनपेठ तालुक्यातल्या कुठल्याही गावाला हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून तहसीलच्या पुरवठा शाखेकडे देता येतं, आणि ठरावात कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचा उल्लेख करता येतो.