सलाईनची सुई शेवटी कोणाला टोचते?

मी लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी कचऱ्याची पिशवी बांधताना सफाईवाल्या मावशींच्या बोटात सलाईनची सुई घुसली. त्यांनी नळाखाली हात धरला, जखमेवर हळद दाबली आणि पुन्हा झाडू उचलला. "सिस्टर, कोणाला सांगू नका. ठेकेदार काढून टाकील," एवढंच म्हणाल्या. मीही गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही बोचतं.

सलाईन लावल्यावर सुई हातात राहते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. आम्ही सिस्टर लोक जिला इंट्राकॅथ म्हणतो, तिचे दोन भाग असतात. आत पोलादी सुई आणि तिच्यावर चढवलेली बारीक प्लास्टिकची नळी. सुई शिरेत गेली की मागच्या कप्प्यात रक्त दिसतं. मग नळी पुढे सरकवायची आणि सुई बाहेर काढायची. आत राहते ती फक्त मऊ नळी. 1950 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉक्टर डेव्हिड मासा यांनी अशी नळी पुढे आणली आणि पेशंटचे हाल कमी झाले.

पण बाहेर काढलेल्या सुईचं काय? ती पोकळ असते आणि आत पेशंटचं रक्त असतं. त्या क्षणी सिस्टरच्या एका हाताने शीर दाबलेली असते, दुसऱ्या हाताने सलाईन जोडायचं असतं. घाईत सुई ट्रेमध्ये, कधी गादीवरच राहते. तिथून ती कचऱ्यात जाते आणि कचरा उचलणाऱ्या हाताला टोचते. हे हात बहुतेक वेळा आपल्याच वस्त्यांमधले असतात.

लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका 100 पैकी 6 ते 30 इतका असतो. हिपॅटायटिस सीचा धोका 100 पैकी सुमारे 2, तर एचआयव्हीचा 1000 पैकी सुमारे 3.

यावर उपाय सुईच्या रचनेतच आहे. सेफ्टी इंट्राकॅथमध्ये सुई बाहेर येताना एक छोटी क्लिप आपोआप टोकावर बसते. सिस्टरला वेगळं काही करावं लागत नाही. दुसऱ्या एका प्रकारात बटण दाबलं की सुई स्प्रिंगने आवरणात जाते. पण घाईत बटण दाबायचं राहून जाऊ शकतं. ही इंट्राकॅथ साध्यापेक्षा महाग पडते, म्हणून खरेदीच्या यादीत मागे राहते.

ती येईपर्यंत कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया टोचून बाहेर येणार नाहीत अशा पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यातच टाकायच्या असतात, पिशवीत नाही. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा तरी तपासणी करणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. माणूस ठेक्यावर आहे म्हणून ती टळत नाही.

आता मी नांदेडमध्ये सफाई कामगारांच्या बैठका घेते, तिथे एवढं सांगते:

सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका, हळद लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. लगेच सिस्टर किंवा डॉक्टरांना सांगा आणि रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ते 28 दिवस घ्यायचं असतं. त्यासाठी नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जा. आणि सिस्टर भगिनींनो, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. पांढरा डबा खाटेजवळच न्या.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग 1 महिन्याने आणि 6 महिन्यांनी. तिन्ही घ्या आणि लसीचं कार्ड स्वतःकडे ठेवा. ठेकेदार बदलला तरी ते कार्ड तुमचंच राहतं. त्या मावशींकडे असं कार्ड नव्हतं, आणि मी ते विचारलंही नव्हतं.