शैवालातील तेल : एका शब्दाची तीन मापे

‘तेल’ हा शब्द मूळचा तिळाचा. संस्कृतातील ‘तिल’पासून ‘तैल’ झाले. पुढे तिळाशी असलेला संबंध सुटून ते करडईला, भुईमुगाला आणि अखेर खनिज द्रव्यालाही लागू पडले. अर्थविस्ताराचे हे उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देतो. जैवइंधनासाठी वाढविलेल्या सूक्ष्म शैवालांविषयी वाचताना मात्र असे दिसते की, हाच विस्तार तेथे घोटाळ्यास कारण होतो. ‘या शैवालात २५ टक्के तेल आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे.

हदगावच्या बाजारात करडई आणणाऱ्यास ‘उतारा’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बी दाबले, तेल निघाले, पेंड उरली. बियांतील तेल बहुतांशी ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते. म्हणून ‘जे निघाले ते तेल’ असे म्हटल्याने फारसे बिघडत नाही. शैवालाची गोष्ट निराळी. हॅलिफॅक्स येथील ब्लाय व डायर यांनी माशांच्या मांसासाठी १९५९ साली प्रसिद्ध केलेली क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची रीत शैवालासही लावतात. क्लोरोफॉर्मचा थर वेगळा करून सुकवावयाचा व उरलेले वजन करावयाचे. परंतु या वजनात हरितद्रव्य येते, पेशीपटलातील फॉस्फोलिपिडे येतात आणि ग्लायकोलिपिडेही येतात. हे झाले ‘एकूण लिपिड’. त्यातील ट्रायग्लिसराइड तेवढे वेगळे काढले तर दुसरा आकडा मिळतो. सर्व मेदाम्लांचे मिथिल एस्टर करून ते वायुवर्णलेखनाने मोजले तर तिसरा. आणि बायोडिझेल म्हणजे हेच एस्टर असल्याने इंधनाच्या दृष्टीने खरा उपयोगी तोच. समजा, १०० मिलिग्रॅम शुष्क शैवालातून २५ मिलिग्रॅम अर्क निघाला आणि त्यात मेदाम्ले १२ मिलिग्रॅमच भरली, तर २५ टक्के आणि १२ टक्के हे दोन्ही आकडे ‘तेल’ या नावाने छापले जाऊ शकतात!

नाइल रेड या रंगद्रव्याच्या प्रकाशावरून अंदाज लवकर येतो. पण जाड भित्तीच्या पेशींत ते सारखे शिरत नाही, म्हणून प्रत्येक जातीसाठी वजनाशी ताळा घ्यावा लागतो.

शिवाय टक्केवारी म्हणजे उत्पादन नव्हे. नायट्रोजन तोडला की पुष्कळ शैवाले तेल साठवितात, पण त्यांची वाढ मंदावते. अमेरिकेत १९७८ ते १९९६ या काळात चाललेल्या शैवालविषयक सरकारी कार्यक्रमातही टक्का वाढला, एकूण तेल मात्र त्या प्रमाणात वाढले नाही.

छेदाकडेही पाहावे. समुद्री शैवाल नीट न धुता वाळविले तर मीठही ‘शुष्क वजनात’ धरले जाते. तेल तेवढेच राहून टक्का उतरतो.